आइस्क्रीमचा फेरफटका

परदेशी शिकून आलेल्या माणसाला लोक मोठ्या अपेक्षेनं प्रश्न विचारतात. नायगारा पाहिलात का? ग्रँड कॅन्यन पाहिलंत का? यांपैकी मी काहीच पाहिलेलं नाही असं सांगितलं, की समोरच्याचा चेहरा असा काही उतरतो, की मलाच अपराध्यासारखं होतं आणि मी घाईघाईनं म्हणतो, "पण वॉलमार्ट मात्र पुष्कळ पाहिलं!"

लोक हसतात. मी विनोद केला असं त्यांना वाटतं. वस्तुतः मी अगदी खरं बोललेलो असतो. अमेरिकेतल्या दोन वर्षांत ज्या एका वास्तूत मी सर्वांत अधिक रमलो, ती म्हणजे ओक्लाहोमा राज्यातल्या स्टिलवॉटर गावच्या पर्किन्स रोडवरचं ते अवाढव्य दुकान. (ती वास्तू म्हणजे विद्यापीठाचं ग्रंथालय असावं अशी आमच्या आईची अजूनही समजूत आहे. आईच्या समजुतींना मी सहसा धक्का लावत नाही.)

२००६ च्या ऑगस्टात मी त्या गावी जाऊन पोहोचलो. गाव विद्यापीठाचं. सगळीकडे सपाट माळ, वर भलंमोठं आकाश आणि दिवसरात्र वाहणारा वारा. रात्री आठानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसायचं नाही. आपल्याकडे कसं, जेवण झालं की माणूस पान खायला म्हणून बाहेर पडतो. पान हे निमित्त, कोपऱ्यावरची चार माणसं हे खरं कारण. तिथं कोपरे होते, पण माणसं नव्हती. पायी चालणारा मी एकटाच, आणि शेजारून जाणाऱ्या मोटारी मला काही मदत हवी आहे की काय अशा शंकेनं हळू होत.

अशा गावात रात्रंदिवस उघडं असणारं ते एकच ठिकाण होतं. पुढं २०२० च्या साथीत या कंपनीच्या दुकानांनी रात्रभर उघडं राहण्याची रीत सोडली ती सोडलीच. पण आमच्या वेळी रात्री दोन वाजता जा की पहाटे चारला जा, लग्नघरासारखा लखलखाट असायचा. उन्हाळ्यात आत गार, थंडीत ऊबदार. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे काही विकत घेतलंच पाहिजे असा आग्रह नाही. शुक्रवारी रात्री आमचा अड्डा तिथं जमू लागला तो असा.

आम्ही चौघे. मी आणि नागपूरकर एका खोलीत राहत होतो. नागपूरकराकडे एक जुनी मोटार होती. तिचा एक दरवाजा कधीच उघडत नसे आणि दुसरा कधीकधी आपण होऊन उघडे. तिसरे आमचे बंगाली दादा. चार-पाच बंगाल्यांच्या बिऱ्हाडात त्यांचा मुक्काम होता. आणि चौथा अण्णा. गुंटूरकडचा. उंच, सावळा, कमी बोलणारा, आणि हसला की सगळे दात दाखवून हसणारा. एका म्हाताऱ्या बाईच्या घरामागची खोली त्यानं भाड्यानं घेतली होती आणि आपला स्वयंपाक तो आपणच करी. चौघांच्या शाखा वेगळ्या, जेवणाच्या तऱ्हा वेगळ्या, आणि आपसांत बोलायची भाषा म्हणजे हिंदी, इंग्रजी आणि हातवारे यांची मिसळ. आठवडाभर एकमेकांचं तोंड दिसत नसे. शुक्रवारी दहाच्या सुमारास नागपूरकराची मोटार सर्वांना गोळा करी.

तिथं आम्ही काय करत होतो हे सांगायला बसलं तर काहीच करत नव्हतो. औषधांच्या भागापाशी रक्तदाब मोजायचं एक फुकट यंत्र होतं. परीक्षेचे गुण कळले की चौघेही ओळीनं त्यात हात घालून बसत असू. ज्याचा दाब सर्वांत जास्त, त्याचे गुण सर्वांत कमी, हा आमचा शोध. पुढं काचेच्या टाक्यांतून रंगीत मासे पोहत असत. ते घरी पाळायला न्यायचे मासे. पण दादा त्या टाकीपुढं उभे राहून ज्या नजरेनं बघत, ती पाळणाऱ्याची नजर नव्हती. "साइझ ठीक नाही," असं एकदा पुटपुटलेले मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. थोडं पलीकडे बंदुका होत्या. खऱ्या. क्रिकेटच्या बॅटी मांडाव्यात तशा काचेच्या कपाटात उभ्या केलेल्या. पहिल्या दिवशी मी दचकून दोन पावलं मागं सरलो होतो. महिन्याभरानं त्यांच्याकडे पाठ करून भोपळ्याचा भाव बघण्याइतका सरावलो.

आणि बागेतल्या खुर्च्या! उन्हाळ्यात एका कोपऱ्यात छत्र्या, टेबलं, वेताच्या खुर्च्या मांडून ठेवलेल्या असत. त्या विकायच्या होत्या, बसायला नव्हत्या. पण बसल्याशिवाय खुर्ची कशी आहे हे कळणार कसं? आम्ही दीड-दीड तास ती पारख करत असू. माझ्या प्रबंधाचा विषय तिथं ठरला. नागपूरकराच्या बहिणीचं स्थळ तिथं पक्कं झालं. भेंडीला अमेरिकेत 'ओक्रा' म्हणतात, म्हणून त्या राज्याचं नाव ओक्लाहोमा पडलं, असं नागपूरकरानं दादांना तिथंच पटवून दिलं, आणि दादा ते पुढं चार महिने खरं मानून चालले होते.

त्या दीड-दोन वर्षांत आम्हाला कुणीही, एकदासुद्धा, "काय हवंय?" असं विचारलं नाही.

त्याचं मला किती अप्रूप वाटायचं हे कळायला माझं मूळ सांगितलं पाहिजे. माझ्या वडिलांचं वाईत किराणा मालाचं दुकान. लांबी-रुंदी चौदा फूट बाय बारा. पर्किन्स रोडवरच्या त्या जातीच्या दुकानाचं क्षेत्रफळ सरासरी पावणेदोन लाख चौरस फूट असतं. म्हणजे आमच्यासारखी हजार दुकानं त्याच्या पोटात सहज मावतील. माझं बालपण त्या चौदा बाय बारात, गुळाच्या ढेपा आणि शेंगदाण्याच्या पोत्यांमध्ये गेलं. शाळेतून आलं की पुड्या बांधायच्या. वर टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून पुडीला दोन वेढे द्यायचे आणि बोटाच्या झटक्यानं तो तोडायचा. ही एक विद्या मला विद्यापीठात जाण्यापूर्वीच येत होती.

आमच्या दुकानात येणाऱ्याला प्रश्नांतून सुटका नसे. "काय रे, कितवीत गेलास? आजीचा गुडघा कसा आहे? मुंबईचे पाव्हणे गेले का?" मीठ न्यायला आलेला माणूस पाव तास उत्तरं देत उभा. मला याचा मनापासून कंटाळा होता. अख्ख्या गावाची खबरबात घेतल्याशिवाय यांना पावशेर साखर देता येत नाही का, असं वाटायचं. शिवाय थोडी लाजही होती, ती आता कबूल करायला हरकत नाही. अमेरिकेत मित्रांनी विचारलं तेव्हा मी "वडिलांचा बिझनेस आहे" असं सांगितलं होतं. कसला, या प्रश्नाला "अन्नधान्य वितरण" असं भारदस्त उत्तर दिलं होतं. मित्रांच्या डोळ्यांपुढं गोदामं आणि मालमोटारी उभ्या राहिल्या असाव्यात. मी त्या राहू दिल्या.

म्हणूनच ते न विचारणारं दुकान मला मोकळ्या हवेसारखं वाटलं. वाटेल ते उचला, वाटेल ते परत ठेवा. पैसे घेणाऱ्या यंत्रासमोर स्वतःच उभे राहा, स्वतःच पिशवी भरा आणि चालू लागा. दाराशी एक पांढऱ्या केसांची आजी बसलेली असे, ती हसून "कसे आहात?" म्हणे, तेवढंच. पहिल्या दिवशी मी तिला माझ्या विमानप्रवासाची सगळी हकीकत सांगायला लागलो होतो. नागपूरकरानं मला ओढून आत नेलं आणि सांगितलं, "अरे, तो प्रश्न नसतो!"

दर रविवारी मी घरी फोन करी. दहा डॉलरचं कार्ड घ्यायचं, त्यावरचा लांबलचक आकडा दाबायचा आणि मिनिटं संपेपर्यंत बोलायचं. आई जेवलास का विचारी; बाबा भाव विचारत. दुसरं काही नाही, बाजारभाव. "तांदूळ कसा? कांदा काय म्हणतो? दूध?" दूध गॅलनवर मिळतं आणि गॅलन म्हणजे पावणेचार लिटरला थोडं जास्त, हे ऐकून त्यांनी लगेच तोंडी हिशेब केला, त्या वर्षी डॉलर चाळीस रुपयांच्या आसपास होता. केळी वजनावर मिळतात, डझनावर नाही, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

त्यांच्यासाठी मी ग्रंथालयात (गेलो होतो तिथंही!) थोडी माहिती जमवली. अमेरिकेतही पूर्वी किराणा दुकानदार फळीमागं उभा राहूनच माल देई. १९१६ साली मेंफिस गावी क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या गृहस्थानं 'पिग्ली विग्ली' नावाचं दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाला टोपली देऊन आत सोडलं. आपलं आपण घ्या म्हणाला. टोपली जड झाली की माणूस खरेदी थांबवतो, हे आणखी वीस वर्षांनी ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या ध्यानात आलं. त्यानं घडीच्या खुर्चीवर टोपल्या बसवून तिला चाकं लावली. हे १९३७ साल. म्हणजे जगातल्या तमाम ढकलगाड्यांचं जन्मस्थान आमच्या गावापासून तास-सव्वा तासावर! आणि गंमत अशी, की सुरुवातीला गाडीला कुणी हात लावीना. तरुण पुरुषांना ते बायकी वाटलं. बायका म्हणाल्या, मुलांच्या बाबागाड्या ढकलल्या तेवढ्या पुरे. तेव्हा गोल्डमननं पगार देऊन माणसं ठेवली. त्यांनी दिवसभर गाड्या ढकलत गिऱ्हाइकाचं सोंग करायचं.

हे ऐकून बाबा फोनवर इतके हसले, की आई मागून काय झालं म्हणून विचारू लागली. मग थोडं थांबून म्हणाले, "हुशार खरा. पण टोपली जड झाली हे त्याला दिसलं म्हणजे बघ, तो गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघत होता."

बाबांना कोण काय घेतं हेही ऐकायला आवडे. आमच्या चौघांच्या गाड्या त्यांच्या ओळखीच्या झाल्या होत्या. नागपूरकर गोठवलेले पराठे आणि संत्र्याचा रस. दादा अंडी, बटाटे आणि मोहरीचं जे काही मिळेल ते. मी पाव, लोणी आणि आळस. अण्णा वीस पौंडांची तांदळाची गोण, दह्याचे मोठे डबे, हिरव्या मिरच्या, आणि दर शुक्रवारी न चुकता आइस्क्रीमचा एक डबा. "तेलुगू माणसाला दही लागतंच," बाबा म्हणायचे. वाईच्या दुकानात बसून त्यांनी गुंटूरचा माणूस कधी पाहिला होता कोण जाणे.

२००७ ची दिवाळी आली. लक्ष्मीपूजन नऊ नोव्हेंबरला, आणि नेमका शुक्रवार. चौघे दुकानात गेलो तो काय, बागेच्या खुर्च्या जाऊन तिथं नाताळ येऊन बसलेला! प्लॅस्टिकची सूचिपर्णी झाडं ओळीनं उभी केलेली आणि त्यांच्यावर हजारो बारीक दिवे उघडमीट करताहेत. नागपूरकराच्या घरून चकल्यांचं पार्सल आलं होतं. वाटेत त्यांचा चुरा झाला होता. आम्ही त्या झाडांच्या मधल्या बोळात उभे राहून कोटाच्या खिशातून तो चुरा चिमटीचिमटीनं खाल्ला. वर दिवे. परक्याच्या सणाच्या रोषणाईखाली आमची दिवाळी अशी परभारे साजरी झाली. दादांना घरच्या कालीपूजेची आठवण झाली आणि ते जरा वेळ माशांकडे जाऊन उभे राहिले.

साडेदहाला मी एका कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला. तिकडे पाडव्याची सकाळ झालेली. नव्या वहीची पूजा करून बाबा दुकानातच बसले होते. नमस्कार, आशीर्वाद झाले आणि सवयीनं भावांवर गाडी आली. सणाचा दिवस, म्हणून मी एक गमतीची गोष्ट सांगितली.

"बाबा, आमच्या अण्णाची तऱ्हा ऐका. हल्ली तो आइस्क्रीमला फिरायला नेतो!"

"म्हणजे?"

"म्हणजे आल्याबरोबर आइस्क्रीमचा डबा गाडीत ठेवतो. मग सगळं दुकान फिरतो. आणि निघताना परत नेऊन थंड कपाटात ठेवून येतो. आम्ही त्याला म्हणतो, बिचाऱ्याला हवा मानवली का?"

पलीकडून हसू आलं नाही. मला वाटलं, फोन तुटला.

"दूध कधी बंद केलं त्यानं?" बाबांनी विचारलं.

मी आठवू लागलो. दूध... खरंच, दूध तो घेत नव्हता. "दसऱ्याच्या आधीपासून असेल."

"दही?"

"दहीही नाही घेत हल्ली."

"मग काय घेतो?"

मला सांगता येईना. मागच्या शुक्रवारी त्यानं कणकेची पिशवी आणि मीठ घेतलं होतं. त्याच्या मागच्या शुक्रवारी कांदे. आज काहीच नाही. आज तो आमच्या तिघांचं सामान एकाच गाडीत घालून ती ढकलत होता, आणि आम्ही त्याला गोल्डमनचा पगारी नोकर म्हणून चिडवलं होतं. तोही हसला होता, सगळे दात दाखवून.

"अरे, नको असलेली वस्तू माणूस उचलतच नाही," बाबा म्हणाले. "हवी असते नि घेता येत नाही, ती थोडा वेळ हातात धरतो. आपल्याकडे बायका नाही का खोबऱ्याची वाटी हातात घेऊन बोलत उभ्या राहत, आणि मग खाली ठेवत?"

बाबांची ही विद्या मी लहानपणापासून पाहिली होती. डिंक, हळीव आणि खोबरं नेलं की त्या घरात बाळंतीण. आडवारी साबुदाणा नेला की आजारी माणूस. तुरीच्या डाळीवरचं घर मसुरीवर आलं, किलोवरचं अर्ध्यावर आलं, की बाबा चष्मा वर करून एकदा बघत. आजीचा गुडघा विचारणारे बाबा अशा वेळी मात्र अवाक्षर काढत नसत. तागडीचं पारडं जरा जास्त खाली जाई, एवढंच. मी शेजारी बसून पुड्या बांधत होतो. सगळं दिसत होतं मला. आणि त्या दिव्यांच्या झाडांमध्ये उभं राहून माझ्या लक्षात आलं, की गेले सात-आठ शुक्रवार मी एका माणसाची गाडी रिकामी होत जाताना पाहिली होती आणि तिच्यावर विनोद करत होतो.

"मी त्याला विचारतो," मी म्हणालो.

"मुळीच विचारू नकोस. विचारलंस तर नाही म्हणेल, आणि पुढच्या शुक्रवारी यायचा नाही."

"मग पैसे देऊ थोडे?"

"त्याहून वाईट." मग ते जरा वेळ गप्प राहिले. दुकानात गिऱ्हाईक आलं असावं. "थांबा हं ताई" असं त्यांनी कुणाला तरी म्हटलेलं मला ऐकू आलं. "स्वयंपाक येतो ना त्याला? तुम्हा दोघांना येत नाही. त्याला म्हणावं, आमच्याकडे येऊन शिजव, जेवण सामायिक करू. खर्चाचे वाटे पाड. आणि वही घाल. ज्याचं जे निघेल ते मांडून ठेव. पैपैसा लिही. फुकट देऊ नकोस कुणाला."

कार्डावरची मिनिटं तिथं संपली.

त्याच रात्री मी तिथून एक वही घेतली. तारेच्या वेटोळ्याची, डॉलराच्या आतली. नागपूरकराला आणि दादांना मोटारीतच, अण्णाला सोडल्यावर, सगळं सांगितलं. नागपूरकर एरवी मिनिटभर गप्प बसणारा माणूस नव्हे. घर येईपर्यंत तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी अण्णाकडे जाऊन आम्ही आमच्या पोटाचं गाऱ्हाणं मांडलं. ते मांडायला खोटं बोलावं लागलं नाही. आमचा स्वयंपाक खरोखरच दयनीय होता. अण्णा बराच वेळ विचार करून म्हणाला, "हिशेब कोण ठेवणार?" मी म्हटलं, "मी." तो तयार झाला.

वहीच्या पहिल्या पानावर मी 'श्री' काढला. का काढला हे मला सांगता यायचं नाही. हाताला सवय होती. चौघांची चार खाती. खर्च होईल तसे वाटे पडत. अण्णाच्या खात्यात जमा कमी आणि नावे जास्त. दर शुक्रवारी मी हिशेब वाचून दाखवी आणि तो मान हलवी. एकदा दादांनी उदार होऊन "जाऊ दे ना" म्हटलं, तर अण्णाच म्हणाला, "नाही, लिही."

तो टोमॅटो घालून डाळ करी. तुरीची डाळ ओक्लाहोमा सिटीहून महिन्यातून एकदा आणावी लागे. ती संपली की तिथल्या दुकानातली मसूर. वर मिरचीची फोडणी. तशी डाळ मी नंतर कुठं खाल्लेली नाही. नागपूरकर भाताबरोबर, दादा पावाबरोबर, आणि मी नुसती वाटीतून.

जानेवारीत एका रात्री भांडी घासता घासता त्यानं आपण होऊन सांगितलं. ऑगस्टात त्याच्या वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. विद्यापीठाकडून मिळणाऱ्या पैशातून खोलीचं भाडं ठेवून बाकी सगळं तो गुंटूरला पाठवत होता. बाहेर काम करायला परदेशी विद्यार्थ्याला बंदी; विद्यापीठात आठवड्याला वीस तासांची मर्यादा, आणि ते वीस तास तो आधीच भरत होता. वडील आता हिंडूफिरू लागले आहेत, म्हणाला. एवढं सांगून त्यानं पुढचं भांडं घेतलं. मी ते पुसलं.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी त्यानं आइस्क्रीमचा डबा गाडीत ठेवला. आम्ही नेहमीसारखे फिरलो. रक्तदाब मोजला, मासे पाहिले, नाताळ जाऊन परत आलेल्या खुर्च्यांवर बसलो. निघताना तो थंड कपाटाकडे वळला नाही. सरळ पैसे देण्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला. आम्ही तिघे इकडे तिकडे बघत राहिलो. नागपूरकरानं भिंतीवरच्या एका जाहिरातीचं फारच बारकाईनं वाचन केलं. घरी येऊन तो डबा चौघांनी चमच्यांनी खरवडून संपवला, आणि अण्णानं मला वही आणायला लावून त्याची किंमत आपल्या जमेत मांडून घेतली.

२००८ च्या मे महिन्यात आम्ही चौघे चार दिशांना गेलो. ऑगस्टात अण्णाला नोकरी लागली. पहिल्या पगाराबरोबर दोनशे बारा डॉलर पस्तीस सेंटांचा धनादेश आला. मी खातं बंद केलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

वहीची कल्पना कुणाची, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं म्हणजे दुकान सांगावं लागलं असतं.

२०११ साली तो कामासाठी हैदराबादहून पुण्याला आला आणि एका रविवारी न कळवता वाईला येऊन थडकला. मी त्या वेळी सुट्टीवर घरी होतो. पत्ता शोधत स्वारी थेट दुकानाच्या पायरीशी. मी आत गोणी उतरवत होतो, अंगात बनियन. त्यानं पाटी वाचली (देवनागरी त्याला वाचता येई), माझ्याकडे पाहिलं आणि सगळे दात दाखवत म्हणाला, "अन्नधान्य वितरण?"

बाबांनी त्याला आत बाकावर बसवलं, चहा मागवला. दोघांची भाषा म्हणजे बाबांचं बाजारी हिंदी आणि त्याचं गुंटूरी हिंदी. तरी मिरचीच्या भावावर त्यांचं चांगलं अर्धा तास जमलं. मग गिऱ्हाइकांची ये-जा सुरू झाली आणि अण्णा नुसता बघत बसला. प्रश्नोत्तरं चाललीच होती. परीक्षा कधी, गाय व्याली का, जावई आले का. एक बाई आली. तिनं खोबऱ्याची वाटी हातात घेतली, थोडा वेळ बोलली आणि खाली ठेवली. अर्धा किलो तांदूळ मागितले. बाबांनी तिला काहीच विचारलं नाही. तांदूळ तोलले, पारडं जमिनीला टेकलं. "वहीत मांडतो हं," म्हणाले, आणि मांडले. अर्धा किलोच मांडले.

ती गेल्यावर अण्णानं माझ्याकडे पाहिलं. मी दोऱ्याच्या रिळाकडे बघत होतो.

तो उठला आणि फळीपाशी, गिऱ्हाईक उभं राहतं तिथं, जाऊन उभा राहिला. "तूर डाळ," म्हणाला, "एक किलो."

मला वाटलं, बाबा पैसे घेणार नाहीत; पाहुणा माणूस. पण बाबांनी डाळ तोलली, मला पुडी बांधायला लावली, पैसे मोजून घेतले आणि गल्ल्यात टाकले. मग ढेपेला अडकित्ता लावून गुळाचा एक खडा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. अण्णा तो तिथंच उभा राहून खाऊ लागला. बाबा पुढच्या गिऱ्हाइकाला विचारत होते, आजीचा गुडघा कसा आहे.